वैनीने आखलेली सहल

वैनी गेली हे मला फोनवर कळलं आणि मी फोन कट केला. पुरुषाचा आवाज होता. ‘काकी, आई गेली,’ एवढंच म्हणाला. आजकाल फोनवर कोण काय सांगेल त्याचा भरवसा नाही. कधी बँकेतून बोलतो म्हणतात, कधी आज वीज कापणार म्हणतात. आमच्या आळीतल्या एका मास्तरांना तर तुमचा नातू पोलिसांनी धरलाय म्हणून भर दुपारी रडवलं होतं. मी विचारलं, ‘कोणाची आई? नाव सांग.’ तो म्हणाला, ‘काकी, मी दत्ता.’ मी म्हटलं, ‘दत्ता असशील तर तुझं आजोळ कुठलं ते सांग.’ त्याने सांगितलं नाही, तो रडायला लागला. रडायला काय, कोणालाही येतं. मी फोन ठेवला, पातळ बदललं आणि रिक्षा करून रत्नागिरीतल्याच नाचण्याला दत्ताच्या बिल्डिंगीत गेले. जिन्यात चपलांचा ढीग बघितला तेव्हा खरं वाटलं.

वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव इंदिरा, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझी वैनीच. माझं नाव वत्सला. ती मला वच्छे म्हणायची, रागात असली तरी आणि लाडात असली तरी, त्यामुळे नुसत्या हाकेवरून काही कळायचं नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, सजवून लिहायला मला येत नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिते. ती चांगली होती की वाईट हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही, आणि ते ठरायच्या आत ती निघून गेली, ही माझी तिच्याबद्दलची तक्रार आहे.

आमचा गाव गावखडीच्या पुढे, सड्यावर. सडा म्हणजे लांबच लांब उघडा कातळ, पावसात हिरवा आणि एरवी तव्यासारखा. तो सरळ पुढे जातो आणि एक टोक काढून समुद्रात घुसतो. टोकाच्या अलीकडे उतारावर देवराई आहे. तिथली काटकीसुद्धा कोणी घरी आणत नाही. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा घर वाटलं, भांडी वाटली, पण सड्यावरचा तुकडा कागदावर दोघांच्या नावावर राहिला. अर्ध्यात भावोजींनी, म्हणजे वैनीच्या नवऱ्याने, कातळ फोडून खड्डे केले, खालून डोक्यावरून माती आणून भरली आणि आंब्याची कलमं लावली. झऱ्यावरून हंड्याने पाणी वैनीने घातलं. मी माझ्या अर्ध्यात नाचणी, वरी काय होईल ते करायची.

एका वैशाखात मी माझ्या बाजूला भाजावळ केली. पावसाआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजून घेतात, ती. दुपारपर्यंत सगळं विझवलं, वर दोन हंडे पाणी ओतलं आणि घरी आले. संध्याकाळच्या आत वैनीची कलमं जळून गेली. आग माझी नव्हती. त्या बाजूला गवत कापायला माणसं होती, ती विड्या ओढत होती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते. गावात मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले. वैनी एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, दारात येऊन बोटं मोडली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्याकडे भांडणारा माणूस परवडतो. गप्प बसणाऱ्याला सगळे भितात, कारण गप्प बसणारा माणूस कुठेतरी दुसरीकडे बोलून आलेला असतो...

त्याच पावसात गणपतीच्या आधी माझा नवरा गेला. कावीळ झाली होती. रत्नागिरीला डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकलं नाही, गावठी औषध घेत राहिला. मग मी मुलीला घेऊन रत्नागिरीत आले आणि आंब्याच्या कॅनिंगमध्ये कामाला लागले. आणि तेव्हापासून वैनी बदलली. कुळीथ पाठव, आमसुलं पाठव, फणसाची सांदणं केली की एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठव. हंगामात मला रात्रपाळी असली की गावाहून येऊन पोरीजवळ राहायची. जिची कलमं जळली ती माझी पोर सांभाळते, हे मला कधी सरळ वाटलं नाही. मी पोरीला रोज विचारायची, ‘काकीने काय खायला घातलं? काय विचारलं? अंगावरून काही उतरवलं काय?’ पोर म्हणायची, ‘आई, काकीने वेणी घातली.’ वेणीसुद्धा मी सोडून बघायची.

पुढे भावोजी गेले, दत्ताला रत्नागिरीत नोकरी लागली आणि वैनी त्याच्याकडे राहायला आली. गावची घरं बंद पडली. सड्यावरच्या माझ्या अर्ध्यात मी मधल्या काळात काजू लावले होते. सुट्टीच्या दिवशी एसटीने जायचं, झाडांना आळी करायची, परत यायचं, असे ते वाढवले. आयुष्यात माझं म्हणून मी जे काय उभं केलं ते तेवढंच. आणि आता अलीकडे त्या टोकाला भाव आला. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, कड्यावर उभी राहून हात पसरून फोटो काढतात. त्यांच्या मागून दलाल येतात. तुकडा दोन नावांवर, म्हणजे वैनीच्या सहीशिवाय मी काही करू शकत नाही आणि माझ्या सहीशिवाय ती. एका दलालाने मला फोनवर सांगितलं होतं, ‘आजी, तुमच्या जाऊबाई तयार आहेत.’ तो खोटं बोलत असेल. नसेलही.

अशात गेल्या मार्गशीर्षात वैनी माझ्या खोलीवर आली. मी वाल सोलत बसले होते. तीही समोर बसून सोलायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली,

“वच्छे, फिरायला जाऊया काय गो?”

“कुठं?”

“असंच. समुद्राच्या कडेकडेनं. सकाळी निघायचं, दिवे लागायच्या आत परत.”

“कोण कोण?”

“तू आणि मी.”

“आणि गाडीत पुढं कोण बसणार?”

“डायवर बसंल. दुसरा कोण बसंल? तुझा सासरा?”

आता वैनीला मी जन्मात कधी फिरायला गेलेली बघितली नव्हती. गणपतीपुळ्याला जाऊन देवळातून परत फिरलेली बाई ती, समुद्राकडे बघितलं नाही. समुद्र आपल्या गावाला पण हाय, म्हणाली होती. ती एकदम फिरायला जाऊया म्हणते, म्हणजे गाडीत पुढे दलाल असणार, टोकावर कोणीतरी पांढरी पँट घालून उभा असणार, आणि चहा पिता पिता कागद पुढे येणार, हे मी लगेच ओळखलं. पण नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर तिचा डाव मला कळला नसता.

तिने फरशीवर वाल मांडले. हा भाट्याचा पूल. हे पलीकडचं सुरूचं बन, तिथे पाय मोकळे करायचे. हे पावस, देवळात जायचं. हा पूर्णगडचा किल्ला. हा खाडीवरचा पूल. हे गावखडीचं बन, तिथे बसून भाकरी खायची. आणि शेवटचा वाल तिने जरा लांब ठेवला. हे आपलं टोक.

मी म्हटलं, “उन्हाचा किल्ला कशाला? गुडघे कोण देणार?”

“बरा. किल्ला काढ.” तिने वाल उचलून ताटात टाकला.

“पावसला गर्दी असंल.”

“पावस काढ.”

“सुरूच्या बनात काय बघायचं हाय? झाडं तर हायत.”

“ता पण काढ.”

मी एकेक काढत गेले आणि ती एकेक वाल सोडत गेली, काही कुरकूर नाही. मग मी म्हटलं, “मग टोकावर तरी कशाला जायचं?” तर तिने तो वाल मुठीत धरला आणि म्हणाली, “ता नाय काढायचा.” बोलली हळूच, पण तिची मूठ मी बघितली. मग मला खात्रीच झाली. बाकीची सगळी सहल सालपट होती, आत दाणा तेवढा एकच होता.

मी माझ्या अटी घातल्या. गाडी नको, रिक्षा. रिक्षा मी ठरवणार. दत्ता नको. सुट्टीच्या दिवशी नको, त्या दिवशी तिथे परकी माणसं असतात. ती सगळ्याला हो म्हणाली, फक्त वाराला नाही म्हणाली. “रविवारच हवा.” का, तर सांगेना. तारीख तीनदा पुढे गेली, कधी तिला बरं नव्हतं, कधी मी मुद्दाम ढकलली, पण दर वेळी रविवारच धरला. दलालांना रविवारी सुट्टी असते काय, असं मी इकबालला विचारलं. इकबाल म्हणजे आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला, तोंडाचा फटकळ पण हिशेबाला सरळ. तो म्हणाला, “चाची, दलालाला आणि आमाला सुट्टी कदी नसते.” त्याला मी बजावून ठेवलं की वाटेत कोणी हात केला तरी थांबायचं नाही, आणि मी खोकले की रिक्षा फिरवायची.

निघालो तेव्हा थंडी होती. भाट्याच्या पुलावर वैनीने पदर डोक्यावरून घेतला. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. मी म्हटलं, “दे, मागं ठेवते.” तिने दिली नाही. वळणावर रिक्षा हलली तशी मी मुद्दाम तिच्या अंगावर कलले आणि कोपराने पिशवी चाचपली. आत काहीतरी गोल, टणक, वर शेंडी. नारळ.

इथे वाचणाऱ्यांतल्या बाहेरच्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडे गावाच्या सीमेला राखणदार असतो. त्याची मूर्ती नसते, झाडाखाली नुसता दगड असतो. त्याच्यापुढे नारळ ठेवून आपलं म्हणणं सांगायचं, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. बरं मागितलं तरी गाऱ्हाणं, आणि कोणाचं वाईट मागितलं तरी गाऱ्हाणंच. त्याला वार लागतो, आणि आमच्या राखणदाराचा वार रविवार. टोकाच्या अलीकडे देवराई, देवराईत राखणदार, पिशवीत नारळ आणि शेजारी मी... दलाल एकदम माझ्या डोक्यातून उतरला. दलाल परवडला असता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी निघताना ग्रामदेवतेच्या अंगाऱ्याची पुडी कमरेला खोचली होती. मानत नाही म्हणून काय झालं.

गावखडीच्या सुरूच्या बनात इकबालने रिक्षा थांबवली. सुयांसारख्या पानांतून वारा शिट्टी घालत होता आणि खाली सगळीकडे वाळलेल्या पानांची गादी. वैनीने थर्मास काढला, चहा ओतला आणि पहिला कप माझ्यापुढे केला.

मी म्हटलं, “आधी इकबालला दे. तो रिक्षा चालवतोय.”

इकबालने कप घेतला, अर्धा प्यायला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “चाची, साखर बरोबर हाय, बाकी पण बरोबर हाय. पिवा आता.” वैनी हसायला लागली. हसता हसता खोकली आणि खोकता खोकता म्हणाली, “इतक्या वर्षांत हिनं माझ्या हातचा चहा दुसऱ्यानं चाखल्याबगर घेतला नाय रे. आधी आमची म्हैस होती, ती मेली. आता तू.” मी चहा प्यायले. वैनीने स्वतः प्यायला नाही. तेही मी लक्षात ठेवलं.

सड्यावर रिक्षा जाते तिथपर्यंत गेलो. पुढे पायवाट. इकबाल रिक्षात झोपला. मी आधी माझे काजू बघून घेतले, झाडं होती तिथेच होती, कोणी खुणेचे दगड रोवले नव्हते. मग वैनीच्या मागोमाग देवराईत उतरले. वर कातळावर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार. काजऱ्याची, बकुळीची झाडं, मांडीएवढ्या जाड वेली. झाडांच्या फटीतून खाली समुद्र दिसतो आणि कड्यावर लाट आपटली की पायाखाली धप्प होतं. लोक ते बघायला लांबून येतात. मला त्या दिवशी वैनीच्या हाताशिवाय काही दिसत नव्हतं. तो पिशवीत गेला, नारळ घेऊन बाहेर आला. तिने दगड झाडला, वर फूल ठेवलं आणि नारळ माझ्यापुढे धरला.

“फोड.”

“मी का? नारळ तुझा.”

“तुझ्याच हातानं फुटाय हवा.”

“का?”

तिने नारळ आणखी पुढे केला. मी म्हटलं, “वैनी, मी आता खोकले तर इकबाल रिक्षा फिरवील. काय ता आधी सांग.” इकबाल इतक्या लांब झोपलेला, त्याला काय ऐकू येणार होतं, पण मला तेवढंच सुचलं. वैनी दगडाशेजारच्या मुळावर बसली. बसली म्हणजे जवळजवळ पडलीच.

“कलमं जळली ना,” ती म्हणाली, “त्याच्या दुसऱ्या रविवारी मी एकटी इथं आलंय. नारळ ठेवला. जिच्या हातानं माझी कलमं जळली तिच्या घरात उजेड ठेवू नको, असा बोललंय. तुझा नाव घेतला.” मग म्हणाली, “आणि गणपतीच्या आधी माझा दीर गेला.”

मी उभीच होते. खाली लाटा आपटत होत्या. मला राग आला की नाही ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की सगळ्यात आधी मनात आलं, म्हणजे मी बरोबर होते. वेणी सोडून बघायची ते उगाच नव्हे.

“आग मी लावली नव्हती,” मी म्हटलं.

“ता मला मागाहून कळला. गवतवाल्यातलाच एकजण मरताना बोलला. पण तोवर माझा नारळ लागला होता.”

“कसला लागला? तो काविळीनं गेला. डॉक्टरकडं चला म्हणून मी त्याच्या पाया पडायची शिल्लक ठेवली. तुझ्या नारळात एवढी ताकद असती तर तुझी कलमं परत नसती उगवली?”

“तू म्हणशील ता. मला रात्री झोप येत नाय गो.” ती दगडाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “गाऱ्हाणं मागं घ्यायचं तर जिच्या नावानं घातलं ती समोर हवी आणि नारळ तिनंच फोडाय हवा, आपखुशीनं. गावातल्या जाणत्यानं मला ता कवाच सांगितलान. इतकी वर्षं तुला इथं आणू कशी? ‘चल, तुझ्या नावानं वाईट बोललंय, नारळ फोडायला चल’ म्हणून? तू आली असतीस?”

“नसते.”

“म्हणून फिरायला.” मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “वर गेल्यावर माझा दीर भेटंल. त्याला काय तोंड दाखवू?”

मी म्हटलं, “त्याला आधी विचार, डॉक्टरकडं का नाय गेलास. मग तुझं तोंड दाखव.”

ती हसली नाही. नारळ दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मी विचार केला. ती खरं बोलत असेल तर नारळ फोडायला हरकत नव्हती. खोटं बोलत असेल, ह्याच नारळावर आज नवीन काही घालून आणलं असेल, तर फोडणारी मीच, म्हणजे भोगणारीही मीच. मी कमरेची पुडी चाचपली. नारळ हातात घेऊन कानाशी हलवला. पाणी वाजलं, नासका नव्हता. वैनी माझ्या हाताकडे अशी बघत होती की मला तिचं ते बघणं सहन होईना. शेवटी म्हटलं, “तुझं काय बोलायचं ता मोठ्यानं बोल. मनातल्या मनात काय नाय बोलायचं.”

ती उठली, हात जोडले आणि माझ्यासमोर मोठ्याने बोलली. “बा राखणदारा, ह्या जागी मी हिच्या नावानं जा काय वाईट बोललंय ता हिच्यासमोर मागं घेतंय. हिच्याकडं काय फिरला असंल तर ता माझ्याकडं फिरव. हिच्या घरात उजेड ठेव.” मी तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होते, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मग मी दगडाच्या कडेवर नारळ फोडला. पांढरा स्वच्छ निघाला. दोन भकलं झाली, एक तिचं आणि एक माझं. तिने तिथेच बसून दातांनी खोबरं काढून काढून सगळं भकल खाल्लं. सकाळपासून पोटात काही गेलं नसावं असं खात होती. मी माझं पदरात बांधलं.

“खायचा असतो गो प्रसाद.”

“घरी खाईन.”

“नको खाऊ,” ती म्हणाली, “पण टाकू नको.”

येताना वैनी निराळीच बाई झाली. जाताना जिने भाट्यापासून टोकापर्यंत एकदा बाहेर बघितलं नाही, ती आता इकबालला म्हणाली, “सगळीकडं थांबव रे.” गावखडीला भाकरी खाल्ली. खाडीच्या पुलावर उतरून कठड्याला टेकून पाणी बघितलं. पूर्णगडला म्हणाली किल्ल्यावर जायचं. मी म्हटलं, किल्ला तर काढला होता. म्हणाली, “ता जाताना. आता येताना हाय.” चढताना दर थोड्या पायऱ्यांवर बसत होती. बसली की हात वर करून केस सारखे करायची आणि बांगड्या थेट कोपरापर्यंत खाली यायच्या. पूर्वी त्या बांगड्या साबण लावून काढाव्या लागत. मी विचारलं, “तुला काय झालंय?” म्हणाली, “वय झालंय.” मी म्हटलं, “वय मलापण झालंय, माझ्या बांगड्या नाय घसरत.” त्यावर ती समुद्राकडे बोट करून म्हणाली, “ता बघ, कसलं दिसतंय!” मी बघितलं. पाणी होतं, लांब एक होडी होती. माझा संशय तिने असा पाण्यात सोडून दिला. पण त्या बाबतीत माझा संशय खरा होता.

त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. दत्ता फोनवर सांगायचा, आईला जरा बरं नाही. मला वाटलं काम झालं, आता कशाला येईल. मग एक दिवस मीच गेले, तर खाटेवर चादरीखाली काही आहे की नाही कळू नये इतकी ती उरलेली. पोटात गाठ होती. दिवाळीआधीच कळलं होतं, म्हणजे माझ्या फरशीवर वाल मांडले तेव्हा तिला ठाऊक होतं. मी तिला झापलं. “मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “सांगितला असता तर तू दया येऊन आली असतीस. दयेनं फोडलेला नारळ चालत नाय.” मग डोळे मिटून म्हणाली, “तू संशयानं आलीस. आपखुशीनंच की ता.” तिचं माझं शेवटचं बोलणं एवढंच. शिमग्याच्या आधी ती गेली.

तेराव्याला दत्ता माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “काकी, आई सांगून गेलीय, सड्यावरच्या जागेचं काकीला विचारल्याबगर काय करायचं नाय. तुझ्या काजूंना कोणी हात लावणार नाय.” बोलताना रडला. मी त्याचं ऐकून घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. आई असं म्हणाली असेल. किंवा मला गोड बोलून ठेवावं असं ह्याला वाटलं असेल. गेलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालता येतं, तो उलटून बोलायला येत नाही. मी म्हटलं, “बरं.” पुढच्या महिन्यात जाऊन मी काजू बघून येणार आहे, इकबालला सांगून ठेवलंय.

वैनीबद्दलही माझं तसंच राहिलं आहे. इतकी वर्षं तिने आमसुलं पाठवली, पोर सांभाळली, ते माझ्यासाठी की त्या नारळाच्या भीतीने? टोकावर मला नेलं ते माझ्या घरात उजेड राहावा म्हणून, की वर गेल्यावर तिला दिराची लाज वाटू नये म्हणून? मी पुष्कळ विचार केला. निवाडा होत नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, ‘तू म्हणशील ता.’

माझं भकल मी त्या दिवशी घरी आणलं होतं. खाल्लं नाही, टाकलंही नाही. रोज पायरीवर उन्हात ठेवायचं, संध्याकाळी आत घ्यायचं. आधी खोबरं कवटीला धरून होतं, मग कडेने सुटलं, आणि एक दिवस वाटी आपसूक सुटून हातात आली. फडताळात मिठाच्या बरणीशेजारी ती ठेवून दिली. दार उघडलं की दिसायची. तिच्यावर माझं लक्ष असायचं आणि तिचं माझ्यावर, असं ते चाललं होतं.

काल सकाळी बांगडे स्वस्त मिळाले. घरात ओला नारळ नव्हता. फडताळ उघडलं, वाटी काढली, वास घेतला. कुबट नव्हती. प्रसादाचं खोबरं माशात घालत नाहीत, पण राखणदाराला कोंबडा चालतो, मग बांगड्याचं काय वावडं? कांद्याबरोबर भाजून वाटलं, कालवण केलं. रंग चांगला आला. मग आधी थोडा भात कालवून दारातल्या मांजराला घातला आणि उंबऱ्यावर बसून बघत राहिले. मांजराने ताटली चाटून पुसली, मिशा साफ केल्या आणि माझ्याकडे बघून आणखी मागायला लागलं. बराच वेळ बसले. त्याला काही झालं नाही.

मग मी पान वाढून घेतलं.